नात्याचा रकाना
"वहिनी, घाबरू नकोस, मी इथेच आहे," असं नर्सने काचेच्या फटीतून पलीकडच्या खोलीत ओरडून सांगितलं आणि आपल्याच हाताने घोळ करून ठेवला.

परदेशातल्या त्या व्हिसा कचेरीत अधिकाऱ्याच्या टेबलावरच्या यंत्राने ते वाक्य तत्परतेने त्याच्या भाषेत करून दाखवलं. त्याने पडदा तिच्याकडे वळवला. 'भावाची बायको, घाबरू नकोस.'

"तुम्ही तर म्हणालात, ती तुमची आई आहे."

"आईच आहे हो ती!"

नर्स त्याची भाषा सफाईने बोलायची. पंधरा वर्षं ती त्याच भाषेत आजाऱ्यांना धीर देत आली होती. सोमवारपासून नियम बदलला होता. सोबत राहायला आणायची तर फक्त जन्मदाती आई. सासू, मावशी, काकू सगळ्या बाद. लोकांनी मावश्यांना आया करून आणलं म्हणे, म्हणून आता दोघींना वेगळं बसवून विचारत होते. त्यात नर्सच्या जन्मदाखल्यावर म्हातारीचं माहेरचं नाव आणि तिच्या पासपोर्टवर सासरचं. आज सही झाली नाही तर शनिवारच्या विमानाने तिला परत पाठवणार होते, आणि तिकडे तिला दार उघडायलाही कुणी उरलं नव्हतं.

"आमचं घर मोठं," नर्स सांगू लागली. "दोन काका, तीन आत्या. सगळे हिला वहिनी म्हणायचे. मी बोलायला लागले तेव्हा कानावर तेच पडायचं, मग मीही तेच म्हणू लागले. कुणी सुधारलंच नाही मला."

"मग तुम्ही आई कुणाला म्हणायचात?"

"आजीला," ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

अधिकारी काही दुष्ट नव्हता. सकाळपासून त्याने एकोणीस आया तपासल्या होत्या आणि त्याचं डोकं उठलं होतं, एवढंच. त्याने म्हातारीच्या जबाबाचा कागद पुढे सरकवला. मागे घरी कोण आहे, असं तिला विचारलं होतं. ती म्हणाली होती, "कुणी नाही. आई होत्या, त्या गेल्या. सात वर्षं झाली." त्याखाली यंत्राचं भाषांतर होतं, 'आईचा मृत्यू सात वर्षांपूर्वी.'

"अहो, ती तिच्या सासूबद्दल बोलतेय! आजीला सगळं घरच आई म्हणायचं." नर्सला हसूही येत होतं आणि रडूही.

"म्हणजे सासू ती आई, आजी ती आई, आणि आई ती भावाची बायको." त्याने पेन खाली ठेवलं. "बाई, या रकान्यात मी लिहू तरी काय?"

ती उठली, बसली, परत उठली. काचेपलीकडे म्हातारी पाठमोरी बसली होती आणि तिचा पाय सारखा हलत होता.

"तिला आई म्हणून हाक मारा," तो म्हणाला. "बघू या, वळते का."

सत्तेचाळीस वर्षांत नर्सने वहिनीला एकदाही त्या शब्दाने हाक मारली नव्हती. वळलीच नाही तर? किंवा सासूबाई आल्या असं वाटून पदर सारखा करत उभी राहिली तर? तिने दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा आवाज फुटला नाही. तिसऱ्यांदा फुटला तो चिरका आणि भलताच मोठा.

"आई!"

म्हातारी ताडकन उठली. मांडीवरची पर्स, कागद, चष्मा सगळं खाली पडलं. खुर्ची ढकलून ती काचेशी धावली आणि दोन्ही हात काचेवर आपटू लागली.

"ठमे, कुठं लागलं गं? दाखव बघू मला, कुठं लागलं?"