केमला जाणारं कार्ड

शेवटचं पान वाचून मायाप्पानं पुस्तक मिटलं आणि डोळे पुसले. समोर शेंगा फोडत बसलेल्या बायकांत एकीचेही डोळे ओले नव्हते.

"मेली?" शेजारच्या बजाबाईनं विचारलं.

"मेली."

"ही बी? आन हिला काय झालतं?"

"झुरून झुरून क्षय झाला."

"पयली नदीत गेली. दुसरी आडात. तिसरीनं इख खाल्लं. आता क्षय." बजाबाईनं चार बोटं दुमडली. "लिवणाऱ्याच्या घरात बायका हायती का न्हाईत रं?"

रविवारी गिरणी बंद असली की सोलापुरातल्या त्या चाळीत मायाप्पाची कादंबरी चालायची. सलग वाचता येणारा अख्ख्या चाळीत तोच. वाचनालयातून पुस्तक आणायचा, ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचा. श्रावणापासून ही चौथी. चारीत एक तरणी विधवा, आणि चारीत शेवटी मरण.

"मला एक सांग," म्हातारी गोजरबाई म्हणाली. "तो मास्तर चांगला हुता की. तिचं बी मन हुतं. मग पाट का न्हाई लावला?"

"त्यांच्यात पाट नसतो, मावशी. मोठ्या लोकांत विधवेचं पुन्हा लगीन करत न्हाईत."

"मारत्यात व्हय?"

बायका खो खो हसल्या. बजाबाई स्वतः पाटाची. गोजरबाईची धाकटी सून पाटाची. त्यात लपवण्यासारखं कुणाला काही वाटत नव्हतं.

"हसताय काय?" मायाप्पा चिडला. "केवढी पवित्र बाई! देवी केलीय तिला लिहिणाऱ्यानं."

त्याची धाकटी बहीण वच्छला हसली नव्हती. तिचा नवरा मानमोडीच्या साथीत गेला, त्याला चार वर्षं झाली होती. आता केम गावच्या कोंडीबानं मागणी घातली होती. रेल्वेच्या रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमधला माणूस, बायको वारलेली. स्वतः येऊन दारात उभा राहून वच्छलाशी बोलून गेला होता. तिचं मन होतं. आईनं, अंबुबाईनं, होकार दिला होता. केमला कळवायचं तेवढं राहिलं होतं, आणि कार्ड लिहिणार मायाप्पाच. आज लिहितो, उद्या लिहितो, असे दोन रविवार गेले होते.

"केमचं कार्ड लिवलंस का?" अंबुबाईनं विचारलं.

"लिहिलं." पुस्तकात खुणेला घातलेलं कार्ड त्यानं काढलं आणि खिशात टाकायला लागला.

"वाच की मग."

"त्यात काय वाचायचं? सकाळी टाकतो पेटीत."

"वाच दादा," वच्छला म्हणाली. "पुस्तक वाचतोस तसं."

बायका बघत होत्या. मायाप्पानं घसा साफ केला.

"'राजश्री कोंडीबा यांस. माझी भगिनी आपले उर्वरित आयुष्य ईश्वरचिंतनात आणि गतपतीच्या स्मरणात कंठणार आहे. ती आमच्या घराण्याचे पावित्र्य आहे. सबब आपली मागणी मान्य करता येत नाही.'"

अंबुबाईला काही उमगलं नाही. "म्हंजी व्हय का न्हाय?"

"न्हाय," वच्छला म्हणाली.

"कुनाला इचारून लिवलंस रं, मुडद्या?"

"आये, वाचनालयात चार शिकल्या-सवरल्या माणसांत माझी ऊठबस हाय आता. पाट म्हटलं की नाकं मुरडत्यात. अशी बाई घरात असली की लोक हात जोडत्यात. पुस्तकात बघ की."

"मड्याला जोडत्यात, मड्याला!" बजाबाई म्हणाली.

वच्छलानं हातातल्या शेंगा सुपात टाकल्या. तिला वाचता येत नव्हतं. पण एकदा कानावर पडलेलं ती विसरत नसे.

"दादा, हे तू न्हाई लिवलं."

"मग कुणी?"

"उर्वरित आयुष्य, ईश्वरचिंतन, गतपती. दुसऱ्या पुस्तकात तिचा सासरा म्हणतो हे. तिथं बी मास्तर मागणी घालाया येतो तवा. शबुद न् शबुद."

मायाप्पाचे कान लाल झाले.

"सासरा बोलतो. भाऊ बोलतो. वकील बोलतो. आन ती दाराआड उभी. मला वाटायचं, पुढच्या पुस्तकात तरी बोलंल. म्हणून बसायचे ऐकत. चार पुस्तकं झाली. तुजं काय मन हाय गं, असं एकीला कुणी इचारलं न्हाय. लिवणाऱ्यानं बी न्हाय. आन तू मला त्यात घातलंस?"

"वच्छे, तुला कळत न्हाय, मी तुज्या भल्याचं..."

"सासरा एवढं बोलला. मग पुढच्या पानावर काय झालं?"

तो कार्डाची कड दुमडायला लागला.

"काय झालं, सांग की. तूच वाचलंस."

"आडात पडली," गोजरबाई हळूच म्हणाली.

"कार्डावर जागा हाय का, दादा?"

"हाय. दोन ओळींची."

"मग ते बी लिवून टाक. भगिनी आडात पडली म्हणून. परत दुसरं कार्ड टाकाया नको."

शेंगा फुटायच्या थांबल्या. अंबुबाई उठली. फळीवरची दौत आणि टाक काढला आणि लेकाच्या पुढ्यात आणून ठेवला.

"लिव," ती म्हणाली.

मायाप्पानं आईकडं बघितलं, बहिणीकडं बघितलं. त्यानं टाक दौतीत बुडवला. मग भर ओट्यावर, सगळ्या बायकांच्या देखत, लिहिलेला एकेक शब्द खोडायला लागला. वरचं कोंडीबाचं नाव तेवढं त्यानं राहू दिलं.