सातचा टायमर

पुंडलिकनगरातली वरची खोली वच्छलाबाईंनी एकाच अटीवर दिली होती: सार्थकनं एकट्यानंच राहायचं. आज तो वाळूजहून कंपनीच्या बसनं परतला, तर देवळातून आलेल्या वच्छलाबाई जिन्यातच उभ्या होत्या.

"तू यायच्या आधीच रोज तुझ्या खिडकीत लाईट लागतो. वर कोण ठेवलंय? खरं सांग, नायतर खोली सोड."

त्यानं वर जाऊन खोलीचं कुलूप काढलं. आत कोणीच नव्हतं. टेबलावर त्यानं स्वतः बनवलेली प्लायवूडची कुंडी होती. तिच्यात बोटभर कोथिंबीर, बरोबर वीतभर वर एलईडीची पट्टी आणि कडेला टायमर.

"खोलीत ऊन येत नाही, मावशी. म्हणून हा रोपांसाठी लाईट. सातला आपोआप लागतो."

"मग दिवसा लाव की. रोपांचं ऊन दिवस बुडाल्यावर असतं व्हय?"

पट्टीची उंची त्यानं तीनदा बदलून पाहिली होती, पाणीही मापून घालायचा. टायमरची वेळ मात्र त्यानं रोपं बघून लावली नव्हती.

"साडेसातला मी गल्लीत शिरतो. वर बघितलं की खिडकीत उजेड दिसतो. कोणीतरी घरी आहे असं वाटतं."

वच्छलाबाई जिना उतरल्या. खाली त्यांच्या दाराला अजून कुलूपच होतं. अंधारात चाचपडत त्यांनी किल्ली लावली आणि वर न बघताच म्हणाल्या,



"मला बी एक करून दे. त्यात रोप नसलं तरी चालंल."