गार हातांची सिस्टर

“ही सिस्टर नको. हिचे हात गार आहेत,” काका म्हणाले आणि त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

सिस्टरने आपले हात पाहिले. आत्ताच तिने ते गरम पाण्याखाली धरले होते, टॉवेलने खसखसून पुसले होते, वॉर्डात येता येता एकमेकांवर चोळलेही होते. तळवे लालबुंद झाले होते. शेजारच्या खाटेवरचा प्लास्टरवाला म्हणाला, “सिस्टर, उद्या शेगडीवर शेकून आणा.” तिला हसू आलं नाही. तिने दोन वॉर्डबॉयना हाक मारली.

वॉर्डात सगळे तिला धाकटी म्हणत. काकांनी मालधक्क्यावर चाळीस वर्षं हमाली केलेली आणि शेवटी घरच्या मोरीत घसरून खुबा मोडून घेतलेला. ऑपरेशनला नऊ दिवस झाले होते. पायावर भार द्या, असं डॉक्टर रोज सांगत आणि काका रोज मान डोलवत. भार काही देत नसत. सांधा निसटेल या धास्तीने ते अंग सैल सोडत आणि भरल्या पोत्यासारखे जड होऊन बसत.

धाकटीला काही केल्या उलगडा होईना. हेच काका तिच्या हातून गोळ्या घेत. तिने गुडघ्यांमध्ये उशी ठेवली, तर “अजून जरा वर” म्हणून प्रेमाने सांगत. एकदा तर तिच्याकडून केसही विंचरून घेतले. पण कूस बदलायची किंवा उठवून बसवायची वेळ आली की हिचे हात गार.

“काका, मघाशी गोळी दिली तेव्हा कसे होते माझे हात?” तिने एकदा विचारलंच.

“तेव्हा बरे होते.”

“मग आता काय झालं?”

“आता गार पडले.”

अशा माणसाशी बोलायचं तरी काय?

बुधवारी मोठ्या सिस्टरनी तिला बोलावून घेतलं. “शुक्रवारी तुझे सहा महिने पुरे होतात. पेशंट अंगाला हात लावू देत नाही, असं लिहू का मी? मग तुला कायम कशी करतील?” धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. घरी आई तिच्याच भरवशावर होती. आणि अजून एक गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. दोन महिन्यांपूर्वी न्हाणीघरात कोसळणाऱ्या एका आजींना तिने सावरलं, तेव्हा कमरेत काहीतरी कट्‌कन झालं. तेव्हापासून वाकलं की कमरेपासून टाचेपर्यंत कळ जाई. गेल्या वर्षी एका जुन्या सिस्टरची कंबर गेली, तेव्हा तिला गोड बोलून घरी बसवलं होतं. म्हणून धाकटी घरून गोळी घेऊन येई आणि दिवसभर हसतमुख राही.

खरं सांगायचं तर, काकांनी नको म्हटलं की क्षणभर तिला हायसं वाटे. लगेच स्वतःची लाज वाटे. मग रागही येई, पण नेमका कुणाचा, तेच कळत नसे.

शुक्रवारी सकाळी मोठ्या सिस्टर फाइल घेऊन खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. “आज हीच तुम्हाला खुर्चीत बसवेल. एकटी. मी बघणार आहे.”

“पण हिचे हात…”

मोठ्या सिस्टरनी धाकटीचा हात हातात घेऊन पाहिला. “चांगले गरम आहेत की.”

काकांनी धाकटीच्या हातांकडे पाहिलंच नाही, तिच्या तोंडाकडे मात्र बराच वेळ पाहिलं.

तिने चाकांची खुर्ची धडक्या पायाच्या बाजूला लावली, चाकांना ब्रेक लावला, काकांना खाटेच्या काठावर आणलं. तेवढ्यानेच कळ टाचेपर्यंत गेली. हे आपल्याच्याने होणार नाही, हे तिला स्वच्छ कळलं. काका पडतील. नव्यानं बसवलेला सांधा निखळेल. आत्ताच सांगून टाकावं, नोकरी जाईल तर जाईल, म्हणून तिने तोंड उघडलं. तेवढ्यात काकाच म्हणाले, “एक, दोन, तीन.”

आणि तिच्या हातांवर भार आलाच नाही. काका निसटले की काय, अशी तिची घाबरगुंडी उडाली. काका कुठेच निसटले नव्हते. त्यांचे दोन्ही पंजे खाटेवर घट्ट रोवलेले होते, धडका पाय जमिनीवर होता आणि ऑपरेशनचा पायही थरथरत का होईना, टेकला होता. कपाळावर घाम फुटला होता. ते उठले, वळले, हाताने खुर्चीची दांडी चाचपली आणि बसले. तिचे हात त्यांच्या पाठीवर नुसते ठेवलेले होते.

“छान उठवलंस,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या. त्यांनी फाइलमध्ये दोन ओळी लिहिल्या आणि त्या पुढच्या वॉर्डात गेल्या.

धाकटी काकांचे पाय नीट ठेवायला खाली बसली.

“चाळीस वर्षं ओझी उचलली, पोरी,” काका हळूच म्हणाले. “कंबर गेलेला माणूस ओझ्याला हात घालण्याआधी श्वास कोंडतो. तू पहिल्याच दिवशी कोंडलास.”

“मग हात गार आहेत, असं का सांगत होतात?”

“कमरेचं बोललो असतो तर तुला घरी बसवलं असतं. म्हटलं, गार हातांपायी कोण कुणाला काढतं? इथे तर भलतंच झालं.” ते ओशाळून हसले. “आता पक्की होशील. आधी कंबर दाखवून घे.”

धाकटीला हसावं की रडावं, कळेना. “आणि उद्या तुम्हाला उठवायचं कुणी?”

“उद्यापासून माझा मी उठतो. तू नुसतं धरल्यासारखं कर.”