विजेतीचं गाणं

सूत्रसंचालकाने लिफाफा उघडला, तेव्हा पुष्पलता टाळ्या वाजवायच्या तयारीतच उभी होती. सबंध गायनस्पर्धेत कॅमेरा तिच्यावर क्वचितच थांबला होता.

"पुष्पलता गेडाम," तो म्हणाला.

तिने सवयीने परीक्षकांच्या लाडक्या स्पर्धकासाठी टाळ्या वाजवल्यासुद्धा. त्या स्पर्धकानेच तिला पुढे ढकललं. हातात चषक आला. आता विजेतीने गायचं होतं आणि त्या गाण्याची तालीम तिच्याकडून कुणी करून घेतलीच नव्हती.

हार्मोनियमवाले काका ओशाळून पुटपुटले, "ताई, तुमची पट्टी कोणती?"

चौदा आठवडे तेच तिच्या साथीला होते. चषक खाली ठेवून ती म्हणाली, "मी सुरू करते. तुम्ही मागून या."

आणि सुराची वाट न बघता ती गायला लागली.