वाद घालू नये

"मी बायनाबाई न्हाई," म्हातारी परत म्हणाली, आणि रतनबाईने परत वाद घातला नाही.

मोबाइलवरच्या धड्यात तसंच सांगितलं होतं. विसरण्याचा आजार झालेल्या माणसाला खोटं पाडू नये. ऐकून घ्यावं, मान डोलवावी आणि हळूच मन दुसरीकडे वळवावं. रतनबाईने ज्वारीचं सूप पुढे सरकवलं. म्हातारी खडे निवडायला लागली.

नेकनूरच्या पलीकडे माळावर बायकांच्या सहकारी संस्थेने हे घर काढलं होतं. पाऊस दगा देई आणि दिवाळी झाली की गावंच्या गावं ऊसतोडीला निघून जात. ज्या म्हाताऱ्यांना फडावर नेणं शक्य नाही, त्यांना इथे ठेवून जात. रतनबाईचा नवरा आणि पोरंही तोडीला गेली होती. नोकरीसाठी ती तेवढी मागे राहिली. ओसरीवरची म्हातारी माणसं आपापल्या जगात असत. संस्था रोज एक छोटासा धडा पाठवी. दिवसभरात तिच्याशी सरळ बोलणारा तेवढाच एक आवाज. कधी कधी ती तोच धडा उगाच पुन्हा लावी.

बायनाबाईला मुकादमाच्या जीपवाल्याने आणलं. मुलगा बद्रीनाथ तिला नेकनूरच्या स्टँडवर बसवून पहिल्या ट्रॅक्टरने पुढे गेला होता.

"गाडीत बसंना, लई रडली," जीपवाला म्हणाला. "कायबी सांगती म्हणं. मनावर घेऊ नका."

ती रोज एकच सांगे. आपलं नाव कौशल्याबाई. घरी नवरा आंधळा, त्याचं औषध आणायला आपण निघालो होतो, स्टँडवर गाडीची वाट बघत बसलो होतो. वाडी सगळी तोडीला गेलेली, त्याला तांब्याभर पाणी द्यायलाही कुणी नाही.

रतनबाईने बद्रीनाथला फोन लावून विचारलं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, तो म्हणाला. शेवटी शेवटी त्यांना दिसत नव्हतं खरं. रतनबाईने फोन ठेवला. मेलेल्या नवऱ्यासाठी बाईचा जीव असा तुटतोय. त्यावरही धडा होता. गेलेलं माणूस गेलं म्हणून सांगू नये, ऐकणाऱ्याला दर वेळी नव्याने दुःख होतं.

"जेवले असतील का वं?" म्हातारी संध्याकाळी विचारी.

"जेवले. निवांत पडलेत," रतनबाई सांगे.

एकदा तिने बद्रीनाथचा फोन म्हातारीच्या कानाला लावला. फडातल्या वाऱ्याने धड ऐकू येत नव्हतं. "लेकरा, मी तुजी आई न्हाई," ती म्हणाली. "मला घरी सोडा म्हणून सांग ह्यांना." पलीकडे बद्रीनाथ रडायलाच लागला. घरीही आई हल्ली असंच म्हणायची, असं त्याने रतनबाईला सांगितलं.

मग एका दुपारी म्हातारी फाटकावर चढताना सापडली. भरकटणं हाही आजाराचाच भाग. रतनबाईने तेव्हापासून फाटकाला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली.

तिच्यावर रतनबाईचा जीव जडला होता. म्हातारी तिची वेणी घालून द्यायची, तिच्या पोरांची नावं घेऊन चौकशी करायची. या आजारातही काही दिवस लख्ख असतात, हे रतनबाई धड्यातच शिकली होती. असे दिवस आले की तिला फार बरं वाटे, आपल्याच माणसात बसल्यागत.

थंडी सरता सरता म्हातारीने घरचं विचारणं सोडलं. जेवायला दिलं तर जेवायची, नाहीतर भिंतीकडे तोंड करून बसायची. रतनबाईने संस्थेच्या बाईंना कळवलं, रुग्ण आता शांत आहे. बाईंनी तिचं फार कौतुक केलं. इतर बायकांनाही तिचंच उदाहरण दिलं.

पाडव्याच्या सुमारास ट्रॅक्टर परतू लागले. बद्रीनाथ आईसाठी नवं लुगडं घेऊन आला. रतनबाईने त्याला फाटकातच थांबवलं.

"ओळखलं न्हाई तर वाईट वाटून घेऊ नका," ती म्हणाली. "सुखात हायेत त्या."

त्याने डोळे पुसले आणि तो आत गेला. रतनबाईने हसून खांबापाशी बसलेल्या म्हातारीकडे बोट दाखवलं. तो तिच्याजवळ गेला, वाकला आणि तसाच थांबला. मग सरळ होऊन त्याने ओसरीवरचं एकेक तोंड पाहिलं.

"ताई," तो म्हणाला, "ही बाई कोण हाय? माजी आई कुठं हाय?"