कपाचा काठ

कपाच्या काठावरून धोंडीबानानांचा अंगठा फिरत होता. एका फेरीला साधारण दोन सेकंद. मंगळवारी चार फेऱ्या झाल्या होत्या. आज सात झाल्या, तेव्हा कुठे नाना बोलले, "राहू दे उघडं. वारं तरी येईल."

चौदा सेकंद. राजेश्वरीबाईंनी मनातल्या मनात नोंद केली. रहिमतपूरच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवल्यावर मोजायची सवय सुटत नाही.

नाटक त्यांनीच लिहिलेलं. पात्रं दोनच, वडील आणि मुलगी. वडील नाना, मुलगी त्या स्वतः. सांगलीच्या छोट्या नाटकांच्या महोत्सवाने दोनदा नाकारलं होतं, यंदा घेतलं. अट एकच होती, पंचेचाळीस मिनिटं. पुढे दिवे बंद. आज सत्तेचाळीस झाली.

तालीम संपल्यावर त्यांनी वहीत आकडा लिहिला. मंगळवारची नोंद दोनदा झाली होती. एक त्यांनी पट्टी धरून खोडली.

"नाना, सांगलीत लोक चारी बाजूंनी बसणार," दिवे आणि कागदपत्रं सांभाळणारी स्वप्ना म्हणाली. तिला दोघांचीही वाक्यं पाठ होती. "विंग नाही, प्रॉम्प्टर नाही. कुणी अडकलं तर?"

"अगं, म्हसवडच्या जत्रंत आमचा राजा पिऊन सिंहासनावरच झोपला हुता. म्या समोर भाला धरून हुबा. पब्लिक वरडाय लागलं, पर म्या हललो न्हाई. दुसऱ्याचं वाक्य उचलू न्हाई, पोरी. त्याच्या ताटातला घास हाय त्यो."

"मग राजा उठला का?"

"सकाळी उठला की!"

बाई हसल्या आणि मग त्यांना जड वाटलं. अशा माणसाला सांगायचं कसं? महिनाभर त्या टाळत होत्या. वडिलांच्या भूमिकेसाठी साताऱ्याच्या जयराजला त्यांनी गुपचूप विचारूनही ठेवलं होतं. हल्ली तालमीनंतर नाना सोबत मागत. त्यांचं घर अलीकडे, तरी बोलत बोलत ते बाईंच्या दारापर्यंत येत. घर मागे राहिलं हेही विसरत असतील.

बाहेर नळावर स्वप्ना कप विसळत होती. बाई तिच्याजवळ गेल्या.

"सांगलीला नावं आजच पाठवायची ना?"

"सहापर्यंत."

"बदल करावा लागेल, स्वप्ना."

स्वप्नाचा हात थांबला. "तुम्हालाही तसं वाटतं?"

"केव्हाचं. पण तोंडातून शब्द निघत नाही."

"मी नानांशी बोलले होते," स्वप्ना नळाकडे बघत म्हणाली. "ते म्हणतात, अजून चार दिवस बघू."

बाईंना वाटलं, म्हणणारच. कुणी आपणहून कसं सोडेल? आता मात्र वेळ उरला नव्हता. पावणेसहा झाले होते.

आत नाना खुर्चीवर बसले होते, तालमीतला कप हातातच.

"नाना, एक बोलायचंय."

"बोला की."

सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं, असं वाटून त्यांनी स्वप्नाकडून संहिता मागितली. फेब्रुवारीपासून त्यांनी ती उघडली नव्हती. स्वतः लिहिलेलं पुन्हा कशाला बघायचं? स्वप्नाने ती लगेच दिली नाही. एकदा नानांकडे पाहिलं, मग दिली.

बाईंनी पान काढलं, ओळीवर बोट ठेवलं. "हे बघा, हा दाराचा प्रवेश. मी तांब्या खाली ठेवते, आणि लगेच तुमचं..."

बोट थांबलं.

तांब्या आणि नानांचं वाक्य यांच्यामध्ये आणखी एक ओळ होती. निळ्या शाईत, त्यांच्याच अक्षरात. मुलगी : दार उघडं ठेवू का, बाबा?

त्यांनी ती दोनदा वाचली. तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिली. कुणा दुसऱ्याने लिहिल्यासारखी वाटली.

"चांगलं वाक्य हाय, बाई," नाना हळू म्हणाले. कपावरचा अंगठा स्थिर होता. "म्या रोज वाट बघतो त्याची."

स्वप्नाने फोनवर अर्ज उघडला होता. "मॅडम, राहू दे. मी त्यांच्याकडून मुदत मागून घेते."

"नको." बाईंनी संहिता मिटली. "लिही. वडील, धोंडीबा. मुलगी... स्वप्ना."