सामुराई गावी जातो का?

सामुराईनं जेवायला बसताना ताटाभोवती पाणी फिरवलं, बाजूला भाताची चार शितं ठेवली, आणि पाचवीचा अख्खा वर्ग खीखी करून हसला.

ज्ञानदा थांबली नाही. गोष्ट तिची स्वतःची होती. बाईंनी प्रत्येकाला एकेक देश देऊन तिथल्या इतिहासातली गोष्ट लिहायला सांगितली होती. तिच्या वाट्याला जपान आलं. आज घरच्यांसमोर वाचन होतं.

शेवटच्या रांगेत, पोरांच्या खुर्चीत कसेबसे मावून, तिचे आजोबा बसले होते. दिगंबरराव २००५च्या जानेवारीत नागपूरहून अमेरिकेत पिस्कॅटवेला आले, ते लेकाकडे सहा महिने राहायचं म्हणून. दोन महिन्यांतच त्यांनी लेकाला तिकीट अलीकडचं करायला लावलं. उन्हाळ्याआधी कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलायला हव्यात, असं कारण दिलं. खरं कारण वेगळंच होतं. नातीला आपली लाज वाटते, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

रोज दुपारी ते तिला आणायला स्कूलबसच्या थांब्यावर जात. “आजोबा, यू डोन्ट हॅव टु कम,” असं म्हणून ती मैत्रिणींबरोबर भराभरा पुढे निघून जाई. हे आपले मफलर सावरत मागे, बर्फातून. काल जेवताना तिला कळलं की आजोबा शनिवारी निघणार. ती ताटावरून उठली आणि खोलीत गेली. पोरीला आपलं सोयरसुतक नाही, हे दिगंबररावांना तिथल्या तिथे पटलं. म्हातारपणी असलं काहीबाही फार लवकर पटतं.

आता ज्ञानदाचं इंग्रजी सुसाट सुटलं होतं. सूनबाई, आश्लेषा, सासऱ्यांच्या कानाशी मराठीत सांगत होती. लढाया संपल्यात. म्हाताऱ्या सामुराईला काही काम उरलेलं नाही. कुणी खोलीतून उठलं, की तो लगेच जाऊन दिवा मालवतो. संध्याकाळी वेशीवर उभा राहून नातीची वाट बघतो.

“पण नात पुढे पळते, बाबा,” आश्लेषा कुजबुजली. “शेजारून चाललं की तो तिचं ओझं ओढून घेतो, आणि त्याचे गुडघे दुखतात. त्याला वाईट वाटेल म्हणून ती हे बोलत नाही.”

एवढ्याशा पोरीबद्दल काय काय मनात आणलं होतं आपण! दिगंबररावांनी मफलर डोळ्यांपर्यंत ओढून घेतला.

“ज्ञानदा, एक मिनिट,” बाई म्हणाल्या. “ताटाभोवती पाणी? सामुराई असं करायचे? कुठल्या पुस्तकात मिळालं हे?”

“बाकीच्यांचं माहीत नाही,” ज्ञानदा म्हणाली. “माझा करतो.”

आश्लेषानं कपाळावर हात मारून घेतला.

गोष्ट पुढे सरकली. सामुराईला आता गावी परत जायचंय. तो सरदाराची रजा काढून येतो, गाठोडं बांधतो, दाराशी बसून वहाणा चढवतो. एवढं वाचून ज्ञानदानं कागद खाली ठेवले.

“मग?” बाईंनी विचारलं. “तो जातो का?”

“आधी तो राहत होता. काल मी तो शेवट खोडला.”

“पण शेवट तर हवा ना गं, हनी.”

ज्ञानदानं मान वर केली. बाईंकडे नाही, तिनं थेट शेवटच्या रांगेकडे पाहिलं, आणि सगळ्या वर्गादेखत मराठीत विचारलं, “आजोबा, त्याला राहा म्हटलं, तर तो राहील का हो?”